तीन शाळासोबत्यांचा फड



आपल्या या पत्रिकेत आम्ही एरवी लागणीचे, खोडव्याचे, खताच्या मात्रेचे आणि पाण्याच्या पाळीचे लिहितो. ते तर यायलाच हवे, आणि पुढच्या पानांवर ते आहेच. या खेपेला मात्र दोन पाने जरा वेगळ्या विषयाला देत आहोत. त्याचे कारण असे घडले.

ऊसनोंदीसाठी गटकचेरीच्या ओट्यावर मंडळी बसली होती. एका सभासदाचा कॉलेजात जाणारा मुलगा मोबाईलवर गाणे ऐकत होता. गाणे तरी कसले! कोणीतरी धडाधड बोलतोय आणि मागे ताल वाजतोय. एक वयस्कर सभासद म्हणाले, "अरे बाबा, ह्याला गाणं म्हणायचं का भांडण?" सगळे हसले. पोरगं काही हटेना. म्हणालं, "आजोबा, ह्यांचं भांडण झालंयच, पण ते मालाच्या हिशेबावरनं. माल ह्यांनी पिकवला आणि पस्तीस वर्षं त्याचा वाटा ह्यांना धड मिळाला नाही."

मालाचा हिशेब म्हटल्यावर आम्हीही कान टवकारले. त्या पोराकडून नावे उतरवून घेतली, चौकशी केली, वाचले, थोडे ऐकलेही. अमेरिकेतल्या एका शाळेतल्या तीन मित्रांची ही कहाणी आहे. 'डे ला सोल' हे त्यांच्या फडाचे नाव. ऊस त्यांनी कधी लावला नसेल, पण त्यांच्या गोष्टीत करार आहे, उचल आहे, वाटा आहे आणि दुसऱ्याच्या मालाला हात लावल्याचा खटलासुद्धा आहे. म्हणून ती सभासदांपुढे ठेवावीशी वाटली.

हा प्रकार मुळात काय?

या गाण्याला हिप-हॉप म्हणतात. त्याचा जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागातला, आणि जन्मतारीख लोक ११ ऑगस्ट १९७३ ही धरतात. त्या दिवशी सेजविक अव्हेन्यूवरच्या एका चाळवजा इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला होता. कशासाठी म्हणाल? शाळा सुरू होणार होती आणि नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह बसला. मूळचा जमैका बेटावरचा हा पोरगा पुढे कूल हर्क या नावाने प्रसिद्ध झाला.

त्याच्या लक्षात एक गोष्ट आली होती. गाण्यात जिथे गायक थांबतो आणि नुसता ताल वाजतो, तिथे लोक जास्त नाचतात. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा तेवढा तुकडा संपला की दुसरीवर तोच लावायचा. असा तो ताल लांबवत नेला. त्या तालावर कोणी यमक जुळवून बोलू लागले, तेच रॅप.

आपल्या जुन्या मंडळींना कलगी-तुऱ्याचे सामने आठवत असतील. डफ-तुणतुण्यावर एका बाजूने कोडे घालायचे, दुसऱ्या बाजूने तिथल्या तिथे कवनात उत्तर द्यायचे. त्यात गळा गोड असण्यापेक्षा जीभ तयार असावी लागे आणि डोके त्याहून तयार. यांचेही तसेच समजा. परंपरा वेगळी, पण ऐकणाऱ्याची गंमत त्याच जातीची.

ॲमिटीव्हिलची पोरं

न्यूयॉर्कच्या पूर्वेला लाँग आयलंड नावाचे लांबोडके बेट आहे. एके काळी हा भाग बटाट्याच्या शेतीसाठी आणि बदकांसाठी नावाजलेला. पुढे शहर पसरत गेले तशी तिथे वस्ती वाढली. ब्राँक्स, ब्रुकलिन अशा गजबजलेल्या भागांतून पुष्कळ कृष्णवर्णीय कुटुंबे मुलांना जरा मोकळी हवा आणि बरी शाळा मिळावी म्हणून तिकडे राहायला गेली. त्यांपैकी ॲमिटीव्हिल या गावी तीन कुटुंबांची मुले एका शाळेत भेटली.

पहिला केल्विन मर्सर. दुसरा डेव्हिड जोलिकोर, म्हणजे सगळ्यांचा डेव्ह. याचे आईवडील हैतीचे. हैती म्हणजे तो देश, जिथे अठराव्या शतकात गुलामांच्या घामावर युरोपसाठी साखर पिके. तिसरा व्हिन्सेंट मेसन. हा तबकड्या वाजवण्यात पटाईत.

शाळकरी पोरांना टोपणनावांची भारी हौस. केल्विनने पूर्वीचे 'साउंड सॉप' हे नाव इंग्रजी अक्षरांत उलटे वाचून 'पॉसडनूस' केले. लोक त्याला पॉस म्हणतात. डेव्हला दही फार आवडे. दह्याला इंग्रजीत योगर्ट म्हणतात, त्याची अक्षरे उलटी केली आणि हा झाला 'ट्रुगॉय'. व्हिन्सेंट झाला 'मेसिओ'. शिवाय तिघांनी आपसांत क्रमांक वाटून घेतले. ध्वनिक्षेपकाच्या जोडणीला प्लग म्हणतात, त्यावरून पॉस पहिला प्लग, डेव्ह दुसरा आणि मेसिओ तिसरा. तिघे मिळून एक जोडणी, एक जरी निघाला तरी आवाज बंद, असा आम्ही त्याचा अर्थ घेतला.

पॉसच्या घरी वडिलांच्या जुन्या तबकड्यांचा साठा होता. त्यातली एक काढून, तिच्यातल्या तुकड्यावर त्यांनी गाणे बांधले, 'प्लग ट्यूनिन'. घरच्या घरी त्याची कॅसेट केली. मेसिओने ती गावातल्याच पॉल ह्यूस्टन या थोड्या मोठ्या मुलाला ऐकवली. प्रिन्स पॉल या नावाने ओळखला जाणारा हा पोरगा तेव्हा 'स्टेट्सासॉनिक' नावाच्या फडात होता, त्यामुळे धंद्यातल्या ओळखी त्याच्याकडे होत्या. त्याने पोरांना हाताशी धरले. 'टॉमी बॉय' या न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रिका कंपनीशी करार झाला आणि १९८८ साली ते गाणे बाजारात आले.

त्या वेळी तिघांचे वय अठरा ते वीस. या वयात समोर करारनामा आला की माणूस कुठे बघतो? सही कुठे करायची तिथे. आपणही फार शहाणे आहोत असे नाही. सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर अक्षर न् अक्षर वाचून सही केलेले सभासद हात वर करा म्हटले, तर किती हात वर येतील ते आपल्याला ठाऊक आहे.

तीन फूट पाणी

३ मार्च १९८९ रोजी त्यांचा पहिला संग्रह निघाला. त्याचे नाव 'थ्री फीट हाय अँड रायझिंग', म्हणजे पाणी तीन फूट चढले आहे आणि अजून चढते आहे. हे नाव आले जॉनी कॅश या प्रसिद्ध अमेरिकन गायकाच्या पुराच्या गाण्यावरून. कॅशच्या लहानपणी १९३७ साली त्यांच्या कापसाच्या शेतात पूर आला होता, त्याची आठवण त्या गाण्यात आहे. नदीकाठच्या सभासदांना हे वेगळे समजावून सांगायला नको. घाटाच्या पायऱ्या मोजत, रात्री बॅटरी मारून पाणी कुठवर आले ते बघत आपणही बसलेलो आहोत.

या संग्रहाची गंमत त्याच्या बांधणीत होती. त्या काळात सॅम्पलर नावाचे यंत्र आले होते. जुन्या ध्वनिमुद्रिकेतला लहानसा तुकडा त्यात साठवायचा आणि हवा तसा, हवा तितक्या वेळा वाजवायचा. या पोरांनी आणि प्रिन्स पॉलने हाताला लागेल त्याचे तुकडे घेतले. फंकाडेलिकचा ताल, स्टीली डॅनची चाल, ओटिस रेडिंगची शीळ, इतकेच काय, फ्रेंच भाषा शिकवण्याच्या तबकडीवरचा आवाजसुद्धा. आपल्या बायका जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून वाकळ शिवतात ना, तसेच. तुकडा ओळखू येतो, पण ऊब नवी असते.

गाण्यांच्या मधे मधे त्यांनी एक खोटाखोटा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रमही घातला होता. वर्गातल्या मागच्या बाकावर जसे हसणे-खिदळणे चालते तसा सगळा मामला. त्या वेळचे इतर पुष्कळ गायक सोन्याच्या साखळ्या घालून, दरडावून बोलत. हे तिघे मात्र साध्या कपड्यांत, थट्टा करत, कधी प्रेमाचे तर कधी अमली पदार्थांनी उद्ध्वस्त होणाऱ्या घरांचे बोलत. लोकांना ते भावले. 'मी मायसेल्फ अँड आय' हे गाणे अमेरिकेत कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. २०१० सालच्या यादीत अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हा संग्रह देशाचा ठेवा म्हणून जतन करण्यासाठी निवडला. शाळा सुटून फार दिवस न झालेल्या पोरांच्या पहिल्या पिकाला एवढा मान मिळाला.

न विचारता तोडलेला ऊस

आता दुसरी बाजू. ती आम्ही झाकणार नाही.

हे जे तुकडे घेतले ते दुसऱ्यांच्या गाण्यातले. त्यांची परवानगी घेण्याची पद्धत तेव्हा धड बसलेली नव्हती. काहींची घेतली, काहींची राहिली. 'द टर्टल्स' या १९६० च्या दशकातल्या गायकवृंदाच्या एका गाण्याचा तुकडा संथ करून, त्यावर तो फ्रेंच धड्याचा आवाज घालून, जेमतेम मिनिटभराचा एक प्रकार संग्रहात टाकला होता. टर्टल्सच्या दोघा प्रमुखांनी कोर्टात दावा लावला. प्रकरण पुढे आपसांत मिटले, पण पैसे मोजावे लागले आणि साऱ्या धंद्यात धास्ती बसली.

डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने दुसऱ्या एका रॅप गायकाच्या खटल्यात निकाल दिला की विनापरवाना तुकडा घेणे ही चोरीच. तेव्हापासून प्रत्येक तुकड्यासाठी आधी परवानगी आणि आधी पैसे अशी रीत पडली. असल्या शेकडो तुकड्यांची वाकळ पुन्हा शिवणे मग कोणालाच परवडेना.

यात कोण बरोबर? टर्टल्सचे म्हणणे खोटे नव्हते. बांधावरून पलीकडे जाऊन दोनच कांडी मोडली तरी ऊस शेजाऱ्याचा तो शेजाऱ्याचाच. पोरांचेही म्हणणे अगदीच फोल नव्हते. दोन कांड्यांवरून त्यांनी नवीच चव काढली होती, आणि त्यांच्यामुळे पुष्कळ तरुणांनी ती जुनी गाणी पहिल्यांदा ऐकली. आम्हाला वाटते, आधी विचारले असते आणि वाटा ठरला असता तर दोघांचेही भले झाले असते. न विचारल्याची किंमत या तिघांना पुढे तीस वर्षे चुकवावी लागली, ती कशी ते आता सांगतो.

कुंडी फुटली, फड टिकला

पहिल्या संग्रहाच्या वेष्टनावर पिवळ्या रंगावर फुले काढली होती. त्यावरून लोकांनी यांना फुलवाले, हिप्पी ठरवून टाकले. पोरांना ते मुळीच आवडले नाही. १९९१ मध्ये दुसरा संग्रह आला त्याचे नावच 'डे ला सोल इज डेड', आणि वर चित्र काय, तर फुलांची कुंडी आडवी पडून फुटलेली! चालणारा माल सोडून असले धाडस करायला छाती लागते. त्यानंतर १९९३ मध्ये 'बलून माइंडस्टेट' आला. तिथवर प्रिन्स पॉल बरोबर होता. १९९६ चा 'स्टेक्स इज हाय' तिघांनी त्याच्याविना केला. धंद्यात नुसता दिखाऊपणा आणि मारामारीची भाषा माजली आहे, अशी आपल्याच क्षेत्रातल्या लोकांची कानउघाडणी त्यात होती. कॉमन आणि मोस डेफ या तेव्हाच्या नव्या गायकांनाही त्यांनी त्यात जागा दिली.

दुसऱ्याला जागा देणे हा यांचा पहिल्यापासूनचा स्वभाव दिसतो. जंगल ब्रदर्स, ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, क्वीन लतिफा आणि हे, अशा मंडळींनी 'नेटिव्ह टंग्ज' नावाचा एक सैलसर मेळ केला होता. त्याला ना घटना ना पोटनियम. एकमेकांच्या गाण्यात जाऊन आवाज द्यायचा, एवढेच. काळाच्या ओघात तो मेळ विस्कटला. पण या तिघांचा फड मोडला नाही. या धंद्यात गट फुटण्याचे प्रमाण आपल्याकडच्या राजकारणापेक्षा कमी नाही. पैसा आला की फूट, नाव झाले की फूट. तिघांत भांडणे झालीच नसतील असे आम्ही म्हणणार नाही. पण पस्तीस वर्षांत चौथ्याने येऊन दोघांना फोडले, असे झाले नाही.

२००५ मध्ये इंग्लंडच्या 'गोरिलाज' या गटाबरोबर त्यांनी 'फील गुड इंक' हे गाणे केले. ते जगभर वाजले आणि २००६ मध्ये त्याला अमेरिकेचे मानाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. म्हणजे नाव होते, मान होता, परदेशात कार्यक्रमही होत होते. मग अडले कुठे?

गोदामाला कुलूप

अडले ते कागदावर.

२००३ च्या सुमारास तबकडी-कॅसेट मागे पडून गाणी संगणकावर विकत घेण्याची पद्धत आली. पुढे मोबाईलवर महिन्याची वर्गणी भरून हवे ते गाणे ऐकायची सोय झाली. आज आपल्या गावातले पोरगे बांधावर बसून जगातले कुठलेही गाणे लावते ते त्यामुळेच. पण डे ला सोलचे पहिले सहा संग्रह, म्हणजे १९८९ पासून २००१ पर्यंतचे त्यांचे सगळे पीक, या बाजारात आलेच नाही. जगातली बाकी गाणी होती, यांची नव्हती.

कारण दोन. गाणी तिघांनी केली असली तरी मूळ ध्वनिमुद्रणाचा ताबा त्यांच्याकडे नव्हता, तो करारान्वये कंपनीकडे होता आणि मधल्या काळात एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिला. दुसरे कारण ते जुने तुकडे. त्यांच्यासाठी ज्या परवानग्या घेतल्या होत्या, त्यांचे कागद तबकडी आणि कॅसेटच्या काळातले. पुढे गाणी तारेवरून घरोघर जातील हे त्या कागदांत लिहिलेले नव्हते. एकेक तुकड्याची परवानगी नव्याने घ्यायची म्हणजे खर्च आणि डोकेदुखी, आणि तशीच गाणी सोडावीत तर पुन्हा कोर्टाची भीती. म्हणून ज्यांच्याकडे ताबा होता त्यांनी कुलूप लावून ठेवणे पसंत केले. माल गोदामात, किल्ली तिसऱ्याकडे, आणि शेतकरी बाहेर उभा, असा प्रकार.

दरम्यान एक पिढी मोठी झाली. जे मोबाईलवर नाही ते जगातच नाही, असे मानणारी ही पिढी. तिघांना भीती वाटू लागली की आपले नावच पुसले जाणार. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, पंचविसावे वर्ष लागत असल्याचे निमित्त करून, त्यांनी आपली सगळी जुनी गाणी पंचवीस तास फुकट वाटली. ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावीत! पैसा नाही तर नाही, निदान माल लोकांच्या घरात तरी जाऊ दे, असा तो हिशेब.

स्वतःचे बेणे

मग त्यांनी जे केले ते आम्हाला सर्वांत शहाणपणाचे वाटते. नवा संग्रह करायचा होता. कंपनीकडे गेले तर पुन्हा तीच उचल आणि तोच करार. म्हणून २०१५ मध्ये ते थेट श्रोत्यांकडे गेले. किकस्टार्टर नावाच्या सोयीतून त्यांनी १,१०,००० डॉलर मागितले. तेवढे तर पहिल्या दिवशीच जमले. मुदत संपेपर्यंत ११,००० हून जास्त लोकांनी मिळून ६,००,००० डॉलरवर रक्कम दिली. थोड्या थोड्या रकमेने भांडवल उभे राहते हे आपल्याला नवे नाही. आपल्या कारखान्याचे शेअर घेताना कोणी शेरडू विकले, कोणी घरातले किडूकमिडूक मोडले, ते जुन्या सभासदांना विचारा.

दुसऱ्याच्या तुकड्यांचा झगडा पुन्हा नको म्हणून त्यांनी वादक मंडळींना बसवून दोनशेहून अधिक तासांचे वादन ध्वनिमुद्रित करून घेतले. मग त्या स्वतःच्या साठ्यातून तुकडे काढून नवी गाणी बांधली. म्हणजे आधी स्वतःचा बेणेमळा केला आणि मग त्यातले बेणे लावले! 'अँड द अनॉनिमस नोबडी' नावाचा तो संग्रह ऑगस्ट २०१६ मध्ये निघाला, अमेरिकेच्या रॅप संग्रहांच्या यादीत पहिला आला, ग्रॅमीसाठी नामांकितही झाला.

जुन्या मालाचा प्रश्न मात्र तसाच होता. २०१९ च्या सुरुवातीला टॉमी बॉय कंपनीने ती गाणी अखेर मोबाईलच्या बाजारात आणण्याचे जाहीर केले. लोकांना आनंद झाला, पण तिघांनी उघडपणे नाराजी सांगितली. त्यांचे म्हणणे असे की येणाऱ्या पैशातला साधारण नव्वद टक्के वाटा कंपनीला आणि दहा टक्के आपल्याला, शिवाय आपल्या नावावर वीस लाख डॉलरचे देणे दाखवले जात आहे. ध्वनिमुद्रणासाठी कंपनीने दिलेली रक्कम, मग खर्च, मग कायदेशीर खर्च, असे सगळे गायकाच्या खाती पडत जाते. आपल्या तोडणी टोळ्यांची उचल हंगामामागून हंगाम फिटत नाही, त्यातलेच हे. आणि टोळ्यांच्या बाबतीत आपण कोणत्या बाजूला उभे असतो, याचाही विचार सभासदांनी मनाशी करावा.

त्या वेळी तिघांनी कोर्टाची पायरी न चढता श्रोत्यांना हाक दिली की सध्या ती गाणी ऐकू नका, विकत घेऊ नका. स्वतःचेच गाणे ऐकू नका म्हणणे सोपे नसते. धंद्यातले इतर गायक पाठीशी उभे राहिले. जे-झी या प्रसिद्ध गायकाचा तेव्हा मोठा वाटा असलेल्या 'टायडल' या सेवेने गाणी घ्यायला नकार दिला. कंपनीला बेत पुढे ढकलावा लागला.

२०२१ मध्ये 'रिझर्व्हॉयर' नावाच्या दुसऱ्या कंपनीने टॉमी बॉय सुमारे दहा कोटी डॉलरला विकत घेतली. नव्या मालकांनी तिघांना बोलावून वाटाघाटी केल्या. तुकड्यांच्या परवानग्या एकेक करून मिळवल्या, जिथे मिळाल्या नाहीत तिथे तो भाग नव्याने वाजवून घेतला. तिघांच्या स्वतःच्या 'एओआय' या नावाखाली सहाही संग्रह प्रसिद्ध करायचे ठरले. दिवस निवडला ३ मार्च २०२३. पहिला संग्रह आला होता ती तारीख, चौतीस वर्षांनंतरची.

एकोणीस दिवस

१२ फेब्रुवारी २०२३ रोजी डेव्ह वारला. वय अवघे चोपन्न. हृदयाचा विकार होता. काही वर्षांपूर्वी त्याने स्वतःच ते लोकांना सांगितले होते आणि तरीही कार्यक्रमांना पुन्हा उभे राहायची इच्छा बोलून दाखवली होती. गोदामाचे कुलूप निघायला एकोणीस दिवस उरले होते.

३ मार्चला गाणी आली. जगभर लोकांनी ती लावली. ज्यांचा जन्म त्या तबकड्यांनंतरचा, अशा पोरापोरींनी ती पहिल्यांदा ऐकली. पॉस आणि मेसिओ दोघेच लोकांसमोर आले. ज्याने दह्याचे नाव उलटे करून घेतले होते तो नव्हता.

आम्ही हे वाचले तेव्हा आपल्या जुन्या सभासदांची आठवण झाली. पाटाच्या पाण्यासाठी अर्ज करून करून थकले आणि पाणी शिवाराला लागले तेव्हा तेच उरले नव्हते, अशी माणसे प्रत्येक गावात आहेत. न्याय मिळाला असे म्हणावे तर ज्याचा होता त्याने बघितला नाही, आणि नाही मिळाला म्हणावे तर त्याच्या मुलाबाळांच्या ताटात तो पडला.

फड मात्र अजून उभा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पॉस आणि मेसिओने 'कॅबिन इन द स्काय' हा नवा संग्रह आणला. त्यात डेव्हचा आवाज राखून ठेवलेल्या ध्वनिमुद्रणांतून घेतला आहे. 'मास अपील' या ज्या कंपनीने तो प्रसिद्ध केला, तिनेच २०१९ मध्ये मुंबईत शाखा काढून 'डिव्हाइन' या मुंबईच्या रॅप गायकाला पहिला कलावंत म्हणून घेतले होते. म्हणजे हे लोण आपल्या राज्यातही कधीच पोचले आहे. आपल्या घरातले एखादे पोर यमके जुळवत बसले असेल तर त्याला लगेच कामाचे नाही म्हणून हिणवू नये. फक्त एवढे सांगावे की सही करण्याआधी कागद घरी आण, दोन दिवस ठेव, जाणत्याकडून वाचून घे. मालकी कोणाची, वाटा किती, उचल कशी फिटणार आणि उद्या नवा बाजार निघाला तर त्याचे काय, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर सापडली पाहिजेत. आणि दुसऱ्याचे काही घ्यायचे झाले तर आधी विचारून घे.

हा लेख लिहून झाल्यावर आम्ही पुन्हा त्या गटकचेरीत गेलो. ते पोरगेही भेटले आणि ते आजोबाही. पोराने १९८९ चे एक गाणे लावले. आजोबांनी मोबाईल कानाजवळ धरून बराच वेळ ऐकले. इंग्रजी त्यांना कळत नाही. मग म्हणाले, "ह्यातला वारला तो कुठला रे?"

पोरगे म्हणाले, "थांबा आजोबा. आता बोलतोय तोच."

आजोबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प बसायला सांगितले आणि गाणे संपेपर्यंत मोबाईल कानापासून काढला नाही.